प्लॅनमध्ये नसलेली वाडी

या ग्रुपवर लोकांनी लिहिलेले अनुभव मी बरेच महिने नुसते वाचतोय. बहुतेक वाचून हसायचो, खोटं कशाला बोलू. माझी सगळी नोकरी खोपोलीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला गेली. दिवा आपोआप लागला, पंखा आपोआप फिरला असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला... वायरिंग किती जुनं आहे? आमच्या घरात देव आहेत, सणवार होतात, पण अंगात येणं, दिसणं, भास होणं या वाटेला आम्ही दोघंही कधी गेलो नाही. शैला तर माझ्याहून जास्त रोखठोक. शैला म्हणजे माझी बायको. हे सगळं तिच्याबद्दलच आहे.

आम्ही कर्जतला राहतो, दहिवलीच्या बाजूला. घर साधंच, वर एक खोली चढवलेली. त्या खोलीत माझा छंद आहे – छोट्या रेल्वे स्टेशनांची मॉडेल्स बनवायची. एचओ स्केल म्हणतात त्याला, खऱ्याच्या साधारण सत्त्याऐंशीपट लहान. माणूस बोटाच्या पेराएवढा येतो. इंजिन आणि डबे विकत आणावे लागतात, पण स्टेशन, फलाट, सिग्नल, विजेचे खांब, तिकिटाची खिडकी, हे सगळं मी हाताने करतो. आईस्क्रीमच्या काड्या, सनबोर्ड, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली तांब्याची तार. परदेशातल्या लोकांची मॉडेल्स इंटरनेटवर बघून सुरुवात केली, पण बर्फातली ती स्टेशनं करण्यात मला गोडी वाटेना. म्हटलं, आपण आपलं डोलवली करू. कर्जत-खोपोली लाइनीवरचं स्टेशन. कामावर जाताना रोज खिडकीतून बघितलेलं, मागे डोंगर असलेलं.

शैलाला आधी हा पोरखेळ वाटायचा. मग एकदा माझी झाडं बघून म्हणाली, "ही झाडं आहेत की बाटल्या धुवायचे ब्रश?" आणि स्वतःच बसली. तारेला पीळ देऊन फांद्या काढायच्या, त्यावर काथ्या चिकटवायचा, रंगवलेला भुसा भुरभुरायचा. तिच्या हाताला ते असं काही जमलं की माझं झाड आणि तिचं झाड शेजारी ठेवायला मला लाज वाटायची. आंबा वेगळा, उंबर वेगळा, साग वेगळा, सगळं ओळखू येणार. तेव्हापासून वाटणी झाली. रूळ, स्टेशन, वायरिंग माझं. माती, झाडं, पाणी, डोंगर तिचं. मुलगा निखिल पुण्याला नोकरीला लागल्यावर आमच्या संध्याकाळी त्याच खोलीत जायच्या. फार बोलणं व्हायचं नाही. फेविकॉलचा वास, खालून गाडीचा भोंगा, आणि मध्येच तिचं, "अहो, ती चिमटी द्या."

डोलवली निम्मं झालं आणि शैलाचं दुखणं निघालं. पोटाचं होतं, उशिरा कळलं. नवी मुंबईच्या हॉस्पिटलात केमो सुरू झाले. त्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे. केस गेले. पावसाळ्यात तिला थंडी वाजायची म्हणून मी माझे मरून रंगाचे लोकरी मोजे तिच्या पायात घालायचो, ते तिला पोटरीच्या वरपर्यंत यायचे. डोक्याला जांभळा स्कार्फ. आणि अन्न... ते पोटात ठरायचंच नाही. वरणाचं पाणी द्या, नाचणीचं सत्त्व द्या, सगळं उलटून पडायचं. पुढे पुढे तर संडासापर्यंतसुद्धा मी धरून न्यायचो.

पण मॉडेल तिला हवं होतं. वर चढणं बंद झालं तेव्हा मी डोंगराचा तुकडा सोडवून खाली आणला आणि तिच्या पलंगाला लागून टेबलावर ठेवला. बरं वाटलं की उशीला टेकून ती थोडा वेळ काम करायची. माझ्या प्लॅनमध्ये तो डोंगर नुसता हिरवा उतार होता, मागचं विजेचं बोर्ड झाकायला ठेवलेला. ही मात्र मधोमध कोरून सपाट जागा करायला लागली.

मी म्हटलं, हे प्लॅनमध्ये नाही.

"प्लॅन तुमचा," ती म्हणाली. "डोंगर माझा."

हळूहळू तिथं एक घर उभं राहिलं. कुडाच्या भिंती, वर पत्रे. एका अंगाला विटांची भिंत, पण अर्धीच, कमरेइतकी. मला वाटलं थकवा आला म्हणून तेवढीच सोडली. म्हटलं, मी पुरी करू का? तर म्हणाली, नको, ती तेवढीच आहे. अंगणात निळा ड्रम – सलाईनबरोबर येणाऱ्या औषधाच्या बाटलीचं निळं झाकण वापरून केलेला – आणि त्याच्या झाकणावर दगड. घराच्या वरच्या अंगाला एक मोठा खडक, मधोमध दुभंगलेला, आणि त्या फटीतून उंबर वर आलेला. दाराशी एक सपाट दगड, बसायला. मी सहज विचारलं, हे कुठलं गं? वाईचं का? वाई तिचं माहेर.

ती म्हणाली नाही. मग बराच वेळ उंबराला पानं चिकटवत राहिली आणि न बघताच म्हणाली की दुपारी झोप लागली की मी तिथं जाते. एक बाई आहे तिथं. चुलीपुढे असते. ती मला पेज देते, तांदळाची, मीठ घालून.

"तिथं पोटात राहते हो ती," शैला म्हणाली. "घरी नाही राहत, तिथं राहते."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले या औषधांनी फार ठळक स्वप्नं पडतात, काळजीचं कारण नाही. मला पटलं. शैलालाही तेच सांगितलं, तिने मान डोलावली. त्यानंतर हा विषय तिने काढला नाही, पण दुपारची झोप तिला गाढ लागायची हे खरं. मी शेजारी खुर्चीत बसलेला असायचो. चेहरा इतका निवांत व्हायचा की दोन-तीनदा घाबरून मी नाकाशी हात धरून बघितलाय. उठली की विचारायचो काही खाणार का, तर म्हणायची, भूक नाही आत्ता.

दिवाळीच्या थोडं आधी, भातं पिवळी झाली असताना ती गेली. दुपारच्या झोपेतच.

निखिल आणि सूनबाई तेरावं होईपर्यंत राहिले, मग चला आमच्याकडे म्हणाले. मी गेलो नाही. डोंगराचा तुकडा वर नेऊन जागेवर बसवला, सगळ्यावर चादरी टाकल्या आणि खोली बंद केली. निखिल फोनवर म्हणायचा, बाबा, परत सुरू करा, वेळ जाईल. वेळ जायला पाहिजे होता हे खरंच. म्हणून मी बाहेरची छोटी कामं घ्यायला लागलो. या भागात फार्महाऊस आणि रिसॉर्ट एवढी झालीत की मोटर, पॅनल, अर्थिंग बघणारा माणूस सगळ्यांना लागतो.

पुढच्या वर्षी दिवाळी होऊन थोडे दिवस झाले असतील. कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याचं काम मी करायचो, त्याने कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला नवीन जागा घेतली होती. तिथली पंपाची मोटर चालत नव्हती. सकाळी बाईकने गेलो. स्टार्टर ठीक, मोटर ठीक, म्हणजे केबल कुठेतरी तुटलेली. विहीर वरच्या अंगाला होती, म्हणून केबल बघत बघत चढायला लागलो. गवत वाळलेलं, ऊन चांगलंच वर आलेलं. एके ठिकाणी केबलला जोड दिसला म्हणून वाकलो, आणि उठताना समोर बघितलं.

खडक. मधोमध दुभंगलेला. फटीतून उंबर.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. पक्कड हातात तशीच धरून उभा होतो. पहिला विचार हाच आला की असे खडक सह्याद्रीत पुष्कळ असतील, उंबर तर कुठेही उगवतो. तो विचार धरूनच मी खडकाला वळसा घालून पलीकडे गेलो. खाली आदिवासी वाडी होती, पाच-सहा घरं विखुरलेली, आणि सगळ्यांत वरचं घर खडकाच्या अगदी पायाशी. पत्रे. कुडाच्या भिंती. अंगणात निळा ड्रम, झाकणावर दगड. दाराशी सपाट दगड. एकच गोष्ट वेगळी होती. एका अंगाला विटांची भिंत होती, ती पूर्ण होती, पार पत्र्यापर्यंत.

एक बाई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. चाळिशीची असेल. मला बघून तिने पदर सारखा केला आणि विचारलं, पंपावरचे का? मी हो म्हटलं. पाणी मागितलं. तिने तांब्या दिला, बसा म्हणाली. मला त्या दगडावर बसवेना, मी उभ्यानेच प्यायलो. भिंत नवीन दिसते, म्हटलं. ती म्हणाली की घरकुलाच्या नादात गेल्या साली पाया काढला, कमरेइतकी आली आणि विटा संपल्या. सगळा पावसाळा तशीच उघडी होती. या उन्हाळ्यात नवऱ्याने पुरी केली.

गेल्या साली पावसाळ्यात कमरेइतकी... मी मोबाईल काढला. शैलाचा एक फोटो होता, आजारातला, स्कार्फ बांधलेला. निखिलला पाठवायला काढला होता, मी तो कधी कुणाला दाखवत नाही. तो तिच्यापुढे धरला.

तिने हात पदराला पुसले, मोबाईल जवळ घेतला आणि अगदी सहज म्हणाली, "ह्या बाई व्हय. तुमच्या कोन ह्या?"

त्या बाईचं नाव चांगुणा. ती मजुरीला जाते, भातलावणी, फार्महाऊसवरची खुरपणी, मिळेल ते काम. तिने जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो. गेल्या सालच्या पावसात काही दिवसाआड दुपारची ही बाई यायची. खडकाच्या बाजूने यायची आणि दाराशी दगडावर बसायची. अंगात काही नाही, नुसती काडी. चांगुणाला वाटलं खालच्या एखाद्या बंगल्यावर आजारी पाव्हणी आलेली असेल, हवापालटाला. शहरातली माणसं येतात तशी, त्यांना कोण विचारत बसणार. पहिल्या दिवशी ती चुलीवरच्या भांड्याकडे बघत राहिली म्हणून हिने विचारलं पेज घेता का, तर हो म्हणाली. मग दरवेळी घ्यायची. वाडगाभर संपवायची.

"पायात मोजं असायचं," चांगुणा म्हणाली. "बापयाचं, लाल काळपट. चपला नाय. मी म्हनायची बाय, मोजं खराब व्हतील चिखलात. हसायच्या नुसत्या."

मी खाली बसलो. त्या दगडावरच बसलो.

मग मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं का, अजून ठरवता येत नाही. ती माझी बायको होती, त्या पावसाळ्यात ती कर्जतला पलंगावर होती, धरल्याशिवाय एका पावलाचंही चालणं होत नव्हतं, दुपारभर मी तिच्या शेजारी असायचो, आणि ती वारली. भातं पिकली तेव्हा. चांगुणा ऐकत होती. तिच्या हातातलं सूप कधीच थांबलं होतं. म्हणाली, आमी भात कापाया लागलो तवाच यायच्या बंद झाल्या. मला वाटलं पाव्हनी गेली तिच्या घरी.

मग ती घरात गेली, एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, वाडगा घेऊन आली आणि तो हातात फिरवून बघत राहिली.

"ह्याच्यात खायच्या," ती म्हणाली. "मग मी वाढलं कुनाला, दादा?"

ती घाबरली नव्हती, निदान मला तरी तसं वाटलं नाही. रडवेली झाली होती. हात लावून बघितलं होतंस का तिला, असं मी विचारलं. तिने आठवून सांगितलं की एकदा उठताना बाईचा तोल गेला, तेव्हा दंडाला धरलं होतं. ऊन होता हात, तापल्यासारखा, ती म्हणाली. शैलाला त्या दिवसांत बारीक ताप असायचाच.

दुखायचं का तिला इथं, मी विचारलं. नाय, चांगुणा म्हणाली. चांगल्या बोलायच्या. कोंबड्यांची नावं विचारायच्या, उंबराची पानं गोळा करायच्या, हातात धरून बघायच्या. माझी पोरगी आश्रमशाळेत असते तर तिचं विचारायच्या, अभ्यास कसा हाय, घरी कवा येते. एकदा तर दोघी इतक्या हसलो...

कशावरून हसलात ते तिला आठवेना.

आता मी जे विचारलं ते लिहायला जड जातंय. पण लिहायचं तर सगळंच लिहावं. मी विचारलं, माझं काही बोलायची का? घरचं, नवऱ्याचं, मुलाचं? काही निरोप?

तिला माझी दया आली असणार. काहीतरी गोड सांगून ती मला सहज वाटेला लावू शकली असती. पण ती प्रामाणिक बाई. खरोखर आठवून बघितलं तिने, आणि मान हलवली.

"नाय दादा. तुमचं कायी नाय बोलल्या कदी."

त्या दिवशी मी केबलचा जोड कसाबसा केला आणि परत आलो. वरच्या खोलीचं दार उघडलं, चादरी काढल्या आणि डोंगरापुढे बसलो. घराच्या दाराशी शैलाने एक बाई केली होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, चुलीपुढे बसलेली, शेंगदाण्याएवढ्या आकाराची, पाठमोरी. आधी ती मला सरपणाची मोळी वाटली होती. दगड मात्र रिकामा होता. फलाटावर मी बनवलेला एक गडी उभा होता, गाडीची वाट बघणारा. नेहमी ठेवतो तसा एक. डोंगर मागे, फलाट पुढे, आणि दोघांच्या मध्ये शैलाने वाट काढलेली नव्हती. मी टॉर्च घेऊन शोधली. नव्हतीच.

निखिलला सांगितलं. तो शास्त्र शिकलेला, पण त्याने मला वेड्यात काढलं नाही. म्हणाला, आई कधी त्या बाजूला गेली असेल, डोळ्यांत राहिलं असेल. मीही तोच विचार केला होता. आम्ही एकदा मुरबाडला लग्नाला त्या रस्त्याने गेलो होतो, खूप वर्षांपूर्वी. पण वाडी रस्त्यावरून दिसत नाही, आणि अर्धी भिंत तर त्याच पावसाळ्यातली. निखिल म्हणाला, मग त्या बाईचा गैरसमज असेल, दुसरीच कुणीतरी पाहुणी असेल. असेल. खालच्या बंगल्याच्या रखवालदाराला मी विचारलं, त्या पावसाळ्यात बंगला बंदच होता म्हणाला. आणि मोजे? मोज्यांचं निखिलकडेही काही नव्हतं. मग तो म्हणाला, "बाबा, म्हणजे आई जेवत होती."

त्याच्या आवाजावरून कळलं की तो रडतोय. तो बरा निघाला. त्याला पहिल्यांदा हे सुचलं. मला पहिल्यांदा सुचलं होतं ते दुसरंच – की ती जिथं हसत होती तिथं मी नव्हतो. एवढे महिने तिच्या उशाशी बसून मी जी राखण करत होतो, ती कशाची करत होतो?

इथे बरेच जण शेवटी लिहितात की कुणाला याचा उलगडा होत असेल तर सांगा. मला कुणी सांगू नका. भास, टेलिपथी, आत्मा, सगळे शब्द मी वापरून बघितले, एकही नीट बसत नाही. मला याचं कारण माहीत नाही आणि आता ते माहीत व्हावं असंही फारसं वाटत नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. चांगुणाच्या पोरीसाठी वह्या आणि स्वेटर घेतलं होतं. घराला कडी होती. शेजारचा म्हातारा म्हणाला, सगळी भट्टीवर गेलीत, वीटभट्टीवर, होळीच्या सुमाराला येतील. कुठली भट्टी ते त्याला सांगता आलं नाही. मी त्या दगडावर थोडा वेळ टेकलो. वारा होता, बाकी काही नाही. काही दिसलं नाही, काही वाटलंही नाही. उगीच वाढवून सांगणार नाही.

होळीला परत जाईन. त्या दिवशी इतकं विचारलं चांगुणाला आणि एकच विचारायचं राहून गेलं. पेज खाऊन झाल्यावर, उठल्यावर, शैला कुठल्या बाजूला जायची.